‘ब’चा रकाना

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. बालीगंजच्या ज्या शाळेत मी गणित शिकवते, तिथल्या मुली जिन्यात माझ्या चपलांचा आवाज आला की गप्प होतात. घरात आईसुद्धा माझ्यापुढे जरा जपूनच बोलायची. घाबरला नाही तो एकटा श्यामकांत, माझा धाकटा भाऊ. मी कितीही आवाज चढवला तरी तो हसायचा आणि म्हणायचा, ‘ताई, झालं? आता चहा टाक.’

आम्ही जन्मापासून कलकत्त्याचे. वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात साताऱ्याहून इकडे आले ते इकडेच संपले. श्यामकांत इंजिनिअर झाला, एका खाजगी कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात लागला. लोखंडी छपरं, शेड, पूल असली कामं. हुशार होता. म्हणजे अजूनही आहे, पण तेव्हाचा श्यामकांत वेगळा होता, त्याच्या डोक्यात सतत काहीतरी शिजत असायचं.

बाहत्तर सालच्या दुर्गापूजेच्या सुट्टीत त्याला बर्लिनच्या एका मित्राकडून टपालाने काही कागद आले. जर्मनमधले. त्याने डिक्शनरी घेऊन आठवडाभर ते वाचले आणि एका सकाळी मला नि आईला समोर बसवलं.

‘ताई, निसर्ग काय करतो सांग? तो आराखडे काढत बसत नाही. एक जीव घेतो, त्याच्या पोरात थोडासा फरक करतो, कसाही, डोळे मिटून. पोर आईपेक्षा सरस निघालं तर ते राहतं, नाहीतर जातं. मग त्या पोराचं पोर. बस्स, एवढंच. मी छपराची कैची अशी घडवणार आहे.’

कैची म्हणजे छपराखालचा तो लोखंडी त्रिकोणी सांगाडा, ज्याच्यावर पत्रे बसतात. खिदिरपूरला गोदीजवळ एका मालकाला चारी बाजूंनी उघडी शेड हवी होती, लॉऱ्या आत घेऊन पोती चढवायला. काम श्यामकांतकडे आलं होतं. नेहमीची कैची पुस्तकात बघून तासाभरात निघाली असती. पण त्याला ती घडवायची होती, पिढ्यान्‌पिढ्या, हलकी होत होत, लोखंडाचा एक कणही फुकट जाणार नाही अशी. एप्रिलमध्ये इंजिनिअर लोकांची मोठी सभा होती, तिथे तो यावर निबंध वाचणार होता. सगळे बघतच राहतील, म्हणाला.

‘आणि हे गणित करणार कोण?’ मी विचारलं, जरी मला कळून चुकलं होतं.

कंप्युटर शहरात होते, पण आमच्यासारख्यांना कोण हात लावू देणार? शिवाय ऑफिसात कंप्युटरचं नाव काढलं की युनियनवाले घोषणा सुरू करायचे. घरात होतं ते वडिलांच्या एका मित्राने दिलेलं फॅसिट, हाताने दांडा फिरवायचं मोजणी यंत्र. आणि एक मी, एम. ए. गणित, संध्याकाळी पाच ते आठ मोकळी.

‘फरक कसाही करायचा म्हणजे कसा?’ आईने विचारलं. ‘मनाला येईल तो आकडा घ्यायचा?’

‘मनाला येईल तो नाही चालत आई. माणसाचं मन लबाड असतं, आवडते आकडे घेतं. फासे टाकावे लागतील. पण असे की लहान फरक वरचेवर पडेल आणि मोठा फरक क्वचित.’

‘मग कवड्या घे की!’ आई म्हणाली. ‘सहा कवड्या टाकल्या तर तीन उताण्या नि तीन उपड्या नेहमीच्याच. सहाच्या सहा उताण्या पडायला कोजागिरीची रात्र उलटावी लागते.’

श्यामकांत उठून तिच्या पाया पडला. खरंच पडला. बर्लिनवाल्यांनी त्यासाठी खिळ्यांची पाटी की काय बनवली होती, आणि आमच्या चौथी शिकलेल्या आईने सातारच्या आजीच्या सारीपाटाच्या कवड्या काढून दिल्या.

तर अशी आमची गिरणी सुरू झाली. कैचीला नऊ आकडे होते, कुठला सांधा किती उंच, कुठली दांडी किती जाड. आई पलंगावर मांडी घालून प्रत्येक आकड्यासाठी कवड्या टाकायची आणि मोठ्याने सांगायची, ‘चार उताण्या!’ तीनपेक्षा जितक्या जास्त तितका आकडा वाढवायचा, जितक्या कमी तितका उतरवायचा. नऊ दानं पडली की एक नवं पोर तयार. मग मी फॅसिटचा दांडा फिरवत त्याची परीक्षा घ्यायची.

परीक्षा दोन. अ म्हणजे छपराचं आपलं वजन, पत्रे, वर चढलेली माणसं. ब म्हणजे वारा. उघड्या शेडमध्ये वारा आत शिरतो आणि छप्पर खालून वर उचलतो. उचललं की कैचीतला सगळा खेळ उलटतो. खालची आडवी दांडी एरवी ताणलेली असते, ती दाबली जाते. हिराच्या झाडूची काडी दोन टोकांना धरून ओढा, तुटत नाही. तीच दोन टोकांनी दाबून बघा, लगेच वाकते. अ ला पाऊण तास लागायचा, ब ला पाऊण तास. श्यामकांतचं फर्मान होतं की पास होवो की नापास, प्रत्येक पोराचे दोन्ही रकाने भरायचे. मेलेल्याचीही नोंद हवी.

तो आतल्या खोलीत ड्रॉइंगबोर्डावर असायचा, तिथून ओरडायचा, ‘ताई, अ?’

‘बसला!’

‘ब?’

‘बसला!’

मग वजन आईपेक्षा कमी असेल तर पोर राहायचं, आईचा कागद ट्रंकेत. नाहीतर पोराचा कागद ट्रंकेत. दिवसाला दोन पिढ्या, रविवारी चार. आमची आई म्हणायची, ‘लग्नाचं नाव काढू देत नाही आणि शंभर पिढ्या वाढवून ठेवल्यात मेल्याने!’ श्यामकांत आतून हसायचा. फार चांगले दिवस होते ते. हे मला आता कळतं, तेव्हा मी फक्त करवादत होते.

साठ पिढ्या झाल्या. डिसेंबर उजाडला. माझं उजवं मनगट सुजलं होतं, शाळेत वार्षिक परीक्षेचे सत्तर पेपर तपासायचे पडले होते, आणि संध्याकाळी हटकून वीज जायची. मेणबत्तीच्या उजेडात दांडा फिरवून बघा कधी. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. साठ पोरांत जी काही मेली ती सगळी अ मध्ये मेली, किंवा वजनात. ब मध्ये एकही नाही. जो अ मध्ये बसला तो ब मध्ये बसलाच, तोही ऐसपैस. म्हणजे रोजचा तास-दीड तास मी ज्यासाठी मनगट मोडत होते, त्याने साठ वेळांत एकदाही काही ठरवलं नव्हतं.

एकसष्टावी पिढी. अ झाला. आतून आवाज आला, ‘ब?’

मी मेणबत्तीकडे बघितलं, फॅसिटकडे बघितलं.

‘बसला,’ म्हटलं. आणि ब च्या रकान्यात आकड्याऐवजी नुसती बरोबरची खूण केली. उद्या काढीन, असं मनात म्हटलं.

उद्या कुठला निघतोय! दुसऱ्या दिवशीही खूणच. तिसऱ्या दिवशी तर उद्या काढीन असंही म्हटलं नाही. श्यामकांत कागद बघायचा नाही, त्याचा माझ्यावर पूर्ण भरवसा होता. ज्या बाईसमोर पाव मार्कासाठी मुली रडतात, ती आकडा न काढता ‘बसला’ म्हणेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

जानेवारीच्या अखेरीस दोनशे तेराव्या पिढीला आम्ही थांबलो. कैची पहिलीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश हलकी झाली होती. आणि दिसायला काय देखणी! श्यामकांतने ती मोठ्या कागदावर काढून भिंतीला टाचली, आईने तिला हळदकुंकू लावलं. मार्चमध्ये खिदिरपूरला तशा बारा कैच्या उभ्या राहिल्या.

त्या उभ्या करणारा हाराण मिस्त्री म्हणून एक म्हातारा बंगाली होता, चाळीस वर्षं लोखंडावर चढलेला. श्यामकांतने घरी येऊन त्याची नक्कल केली. ‘हाराण काय म्हणतो माहितेय? बाबू, ए तो बड्डो रोगा! खालच्या दांडीवरून चालताना पायाला थरथर लागते, म्हणतो.’ रोगा म्हणजे बंगालीत हडकुळी, खंगलेली. ‘मी म्हटलं, मिस्त्री, दोनशे तेरा पिढ्या काढल्यात, तुझ्या पायाला काय विचारू?’

श्यामकांत हसला. मीही हसले. हे मी विसरत नाही, की मीही हसले.

एप्रिलचा दुसरा शनिवार. शाळा अर्धा दिवस, त्याचं ऑफिसही अर्धा दिवस. सकाळी जाताना तो म्हणाला होता, ‘ताई, निबंधात एक तक्ता घालतोय. शेवटच्या पिढीचे अ आणि ब, बाजूबाजूला. अ माझ्याकडे आहे, ब तेवढा काढून ठेव.’

‘काढून ठेव’ म्हणाला, म्हणजे कागदावरून उतरवून ठेव. कागदावर तर खूण होती. मी शाळेतून आले, जेवायच्या आधी बसले. कितीसं काम आहे, पाऊण तास, असं म्हणत दांडा फिरवला.

आकडा आला. मी तो बघितला आणि म्हटलं, माझं काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. खालची दांडी ठरवलेल्या वाऱ्याच्या निम्म्यातच वाकत होती.

कसं झालं हे समजायला मला मिनिटसुद्धा लागलं नाही, तेवढं गणित मला येतं. साठ पिढ्या ब आडवा आला नाही, कारण तोवर दांडी मूळचीच जाड होती. मी विचारायचं बंद केलं आणि मग पुढच्या प्रत्येक पिढीत वजन निघालं ते नेमकं तिथून. जे विचारलं जात नाही त्याचं या पद्धतीला सोयरसुतक नसतं. कवड्यांना काय ठाऊक वारा म्हणून काही असतो! दांडी बारीक झाली, पोर हलकं झालं, अ मध्ये बसलं, राहिलं. पुढचं त्याहून बारीक. आणि मी दर वेळी खूण करत गेले, एकशे त्रेपन्न वेळा. मी तिला बारीक होताना बघत होते, माझ्याच हाताने तिचे आकडे लिहीत होते, आणि मनात म्हणत होते, वा, काय छान हलकी होतेय!

श्यामकांत दोनला आला, जेवायला बसला. मी भात नुसता चिवडत होते. आई म्हणाली, ‘कालिंदी, ताप आहे का गं?’ मी ताटावरून उठले, कागद आणला आणि त्याच्यासमोर ठेवला.

‘हा शेवटच्या पिढीचा ब. आत्ता काढला. आधी नव्हता काढला.’

त्याने बघितलं.

‘आधी नव्हता म्हणजे? या पिढीचा?’

‘एकसष्टपासून.’

तो उठला, हात न धुता ट्रंकेपाशी गेला आणि कागद काढू लागला. एक एक काढत होता नि जमिनीवर ठेवत होता. सगळीकडे खुणा. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला कुणी ओरडलं की उलट ओरडता येतं. तो फक्त म्हणाला, ‘ताई, तू मला सांगायचं तरी.’

मी रडले. मी सहसा रडत नाही, त्या दिवशी रडले.

‘सोमवारी सकाळी जाऊन दांड्यांना आधार लावून घेतो,’ तो कागद गोळा करत म्हणाला. ‘निबंध राहू दे. दोन दिवसांत काही होत नाही.’

तेवढ्यात आई गॅलरीतून म्हणाली, ‘अरे, वाळत घातलेले कपडे काढा. पश्चिमेकडे बघा कसं काळंकुट्ट झालंय.’

कलकत्त्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. चैत्र-वैशाखात दुपार कलली की वायव्येकडून कालबैशाखी उठते, अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं करते. श्यामकांत आधीच शर्टाची बटणं लावत होता. मी म्हटलं, मीही येणार. तो नाही म्हणाला नाही.

टॅक्सी मिळाली हे नशीब. खिदिरपूरला पोचलो तेव्हा चार वाजत होते आणि संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. धुळीचा पहिला लोट आला, पाठोपाठ बोरांएवढे थेंब. आणि आवारातली माणसं काय करत होती? शेडखाली पळत होती! हमाल, लॉऱ्यांचे ड्रायव्हर, चहावाला, पोती शिवणाऱ्या बायका, रस्त्यावरची माणसंसुद्धा, सगळी त्या नव्या कोऱ्या छपराखाली गोळा होत होती. पाऊस आल्यावर माणूस छपराखालीच जाणार. चाळीस-पन्नास जण तरी असतील.

श्यामकांत फाटकातूनच ओरडत सुटला. ‘बेरिये आशुन! शोबाई बेरिये आशुन!’ बाहेर या, सगळे बाहेर या. कुणी ढिम्म हललं नाही. बंगालीत ओरडला, हिंदीत ओरडला. लोक त्याच्याकडे बघत होते नि एकमेकांकडे बघून हसत होते. मालकाचा मॅनेजर छत्री घेऊन पुढे आला. ‘इंजिनिअरबाबू, बाहेर गारा पडताहेत. साखरेची पोती अर्धी उतरवलीत. वेड लागलंय का?’

मी मागे उभी होते. मला ओरडायला हवं होतं की खुणा माझ्या आहेत. आख्ख्या शाळेला गप्प करणारा माझा आवाज त्या दिवशी कुठे गेला होता देव जाणे.

श्यामकांत शेडच्या मधोमध जाऊन उभा राहिला. ‘हे छप्पर मी आखलंय,’ तो म्हणाला. ‘माझी चूक झालीय. वारा मी तपासलाच नाही. हे छप्पर वाऱ्याने पडणार. मी सांगतोय, ज्याने बनवलं तो. बाहेर व्हा!’

‘मी तपासलाच नाही’ म्हणाला. माझं नाव नाही, कुणा मदतनिसाचं नाव नाही. मी.

पहिला हलला तो हाराण मिस्त्री, उरलंसुरलं काम आवरायला तो आपल्या माणसांसकट अजून तिथेच होता. त्याने एकदा वर खालच्या दांडीकडे बघितलं, खांद्यावरचा गमछा डोक्याला गुंडाळला आणि पावसात चालायला लागला. मिस्त्री निघाला म्हटल्यावर त्याची माणसं निघाली, आणि मग बाकीची. सगळे आवाराच्या भिंतीला चिकटून उभे राहिले, काही लॉऱ्यांखाली शिरले. गारांचा मारा बसत होता. एक बाई श्यामकांतच्या नावाने शिव्या घालत होती. साखरेच्या पोत्यांतून पाक वाहत होता.

मग तो खरा झोत आला. मी डोळ्यांवर हात धरून बघत होते. छप्पर वर उचललं गेलं. थोडंसंच, पण गेलं. बाराही कैच्यांच्या खालच्या दांड्या बाजूला वाकल्या, गोणी उचलणाऱ्याची पाठ वाकते तशा. मी श्यामकांतचा दंड घट्ट धरला. आणि त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मनात आलं, पड. पड एकदाचं. खाली कुणी नाही, आता पडलंस तर माझा भाऊ खरा ठरेल.

ते पडलं नाही. झोत ओसरला, दांड्या पुन्हा सरळ झाल्या, पत्रे जागच्या जागी. दहा मिनिटांत पाऊस थांबला आणि पिवळं ऊन पडलं. चाळीस-पन्नास माणसं ओलीचिंब होऊन त्या धडधाकट छपराकडे बघत उभी होती. कुणीतरी हसायला लागलं. मग सगळेच हसायला लागले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. मालकाने भिजलेल्या साखरेवरून ऑफिसात बोंब मारली. श्यामकांतने मोठ्या साहेबांना लेखी दिलं की गणितात चूक आहे, दांड्यांना आधार लावल्याशिवाय शेड वापरू नये. साहेब म्हणाले, ‘लेखी कशाला दिलंत? चूक कबूल केली तर कंपनी अडकते.’ मालक म्हणाला, वादळातून उभी राहिली ती शेड कच्ची कशी? ऑफिसने दुसरा इंजिनिअर पाठवला. त्याने खालून वर बघितलं आणि रिपोर्ट लिहिला. त्याची प्रत श्यामकांतने घरी आणली, ती मी वाचली. वाऱ्याच्या ओळीपुढे आकडा नव्हता. लिहिलं होतं, ‘वादळात प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे,’ आणि पुढे एक बरोबरची खूण. अगदी माझ्यासारखी.

मी ऑफिसात जाऊन खरं सांगते म्हणाले. श्यामकांत म्हणाला, ‘काय फरक पडणार आहे ताई? आकडा तोच राहणार.’ आणि मी ऐकलं. इतक्या लवकर मी त्याचं कधीच ऐकलं नव्हतं. त्याने नोकरी सोडली, डमडमकडच्या एका तंत्रशाळेत मुलांना ड्रॉइंग शिकवू लागला. निबंध वाचला नाही. कैचीचा कागद भिंतीवरून कधी उतरला ते मला कळलंही नाही. आणि मला त्याने पुन्हा कधी कुठलं गणित सांगितलं नाही, कधी आतल्या खोलीतून हाक मारून आकडा विचारला नाही. बाकी सगळं नेहमीसारखं. ‘ताई, चहा टाक’ तेवढं म्हणायचा.

मी मात्र एक केलं. दर वर्षी चैत्र लागला की दुपारी चारच्या सुमाराला मी पश्चिमेकडे बघत बसते. काळं दिसलं की चपला घालते, काळीघाटला ट्राम बदलते आणि खिदिरपूर गाठते. कधी वेळेत पोचते, कधी वादळ माझ्या आधी पोचलेलं असतं. पोचले की छपराखालून लोकांना बाहेर हाकलते, शाळेतल्या मुलींना हाकलावं तसं. पहिल्या वर्षी मॅनेजरने दरबानाला बोलावलं. दुसऱ्या वर्षी हाराण मिस्त्रीने मध्यस्थी केली. त्याने मालकाला दोनदा विचारून बघितलं होतं, मी फुकट आधार जोडून देतो. मालक म्हणाला, हात लावलास तर छप्पर कच्चं होतं असं कबूल केल्यासारखं होईल. आता हमाल मला ‘झोडेर दीदी’ म्हणतात, वादळाची ताई. मला बघितलं की हसत हसत बाहेर येतात, बायका पदर डोक्यावर घेऊन माझ्याशेजारी भिंतीला टेकतात, कुणीतरी चहा देतं. वेडी म्हणतात, ते मला ऐकू येतं. सहा वर्षं झाली, सव्वीस वादळं मी मोजलीत. छप्पर उभं आहे.

यंदा एकोणऐंशी साल. आई जाऊन दोन वर्षं झाली, कवड्या तिच्या डब्यात आहेत. माझे गुडघे गेलेत, ट्रामची पायरी चढताना कुणाला तरी हात द्यावा लागतो. काल दुपारी मी पेपर तपासत बसले होते. खोलीत अंधारून आलं. मी मान वळवून गॅलरीतून बघितलं, पश्चिमेला काळं झालं होतं, पण फारसं नाही. मी पुन्हा पेपरात डोकं घातलं. मनात म्हटलं, सव्वीस वेळा काही झालं नाही. आता एक दिवस नाही गेले तर काय बिघडणार आहे? गुडघा ठणकतोय. उद्या जाईन, उद्या नक्की.

हातातल्या लाल पेन्सिलीने मी समोरच्या उत्तरावर बरोबरची खूण केली. उत्तर वाचलंच नव्हतं मी.

खिडकीची तावदानं खडखडली.

आतल्या खोलीत श्यामकांत मुलांची ड्रॉइंग तपासत होता. सहा वर्षांत त्याने त्या दिवसाचा शब्द काढला नव्हता. मी कुठे जाते, का जाते, कधी विचारलं नव्हतं. मला तर वाटायचं, त्याचं लक्षही नसतं.

त्याने आतून विचारलं, ‘ताई, ब?’

मला ‘बसला’ म्हणता आलं नाही. मी उठले, चपला घातल्या. तो बाहेर येऊन दारात उभा होता, हातात छत्री होती. जिना उतरताना त्याने माझा हात धरला.